मास्तर होणाऱ्यांनो, मुलाचें चुकलेलें गणित वाचायला शिका

(अध्यापक विद्यालयांतील छात्रशिक्षक व आसपासच्या गांवचे पालक यांच्या एकत्र सभेंत एका निवृत्त शिक्षकानें केलेलें भाषण)

शेतकरी व कारागीर बंधु-भगिनींनो, आणि उद्यां गुरुजी व बाई होऊन खेड्यापाड्यांत जाणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

आज या मांडवाखालीं दोन प्रकारचीं माणसें बसलीं आहेत. एका बाजूला ज्यांचीं मुलें शाळेंत जातात ते आईबाप, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या हातीं तीं मुलें सोंपवायचीं ते तरुण. या दोघांची गांठ एरव्हीं फारशी पडत नाहीं. पडते ती प्रगतिपुस्तकावर सही करतांना. आणि तेव्हां बोलणें काय होतें? "पोरगं कसं आहे, गुरुजी?" "बरं आहे, घरीं जरा लक्ष द्या." झालें! वर्षाचा हिशेब दोन वाक्यांत आटोपला. सावकाराच्या वहीवर न वाचतां अंगठा उठवण्याचे दिवस गेले, असें आपण म्हणतों. पण मुलाच्या वहीवर आपण अजून तसाच अंगठा उठवत आहों. म्हणून आज मीं विषय घेतला आहे तो हा कीं, शिकवलेलें मुलाच्या डोक्यांत उतरलें कीं नाहीं हें ओळखावें कसें, आणि ती ओळख होऊं घातलेल्या शिक्षकाला शिकवावी कशी.

लोहाराच्या मुलाचें उदाहरण घ्या. घण मारायला तो लवकर शिकतो. अंगांत जोर असला म्हणजे तें काम जमतें. पण भट्टींतल्या लोखंडाचा रंग पाहून तें ठोकण्याजोगें झालें कीं नाहीं हें ओळखायला त्याला वर्षें लागतात. आणि तें ओळखतां येईपर्यंत बाप त्याच्या हातीं विळ्याचें पातें देत नाहीं. आमच्या शिक्षकांच्या शिक्षणांत उलटा प्रकार चालत आला आहे. घण कसा मारावा, म्हणजे पाठ कसा घ्यावा, हें आम्ही पुष्कळ शिकवतों. लोखंडाचा रंग ओळखायला मात्र फार थोडें शिकवतों.

हें मी दुसऱ्याला नांवें ठेवण्यासाठीं म्हणत नाहीं. हा दोष प्रथम माझा आहे. मीं मास्तरकीचें शिक्षण घेतलें त्याला आतां पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं. तेव्हां सरावपाठाच्या वेळीं आमचें काय पाहत? पाठटाचण नीटनेटकें आहे कीं नाहीं, फळ्यावर रंगीत खडूनें चित्र काढलें कीं नाहीं, तक्ता सरळ टांगला कीं नाहीं, आवाज मागच्या मुलापर्यंत पोंचला कीं नाहीं. पाठाच्या शेवटीं मीं विचारलें, "समजलें का रे सगळ्यांना?" चाळीस मुलांनीं एका सुरांत "होऽऽ" म्हटलें, आणि मला उत्तम शेरा मिळाला! त्या चाळिसांपैकीं कोणाला काय समजलें हें ना मीं पाहिलें, ना मला शेरा देणारांनीं पाहिलें.

पुढें नोकरी लागली. माझ्या वर्गांत एका माळ्याचा मुलगा होता. वजाबाकीचीं दहा गणितें घातलीं तर याचीं दहाही चुकत. बावन्नांतून सत्तावीस गेले तर हा पस्तीस लिही. मीं प्रत्येक वेळीं तांबडी फुली मारली, खालीं शून्य मांडलें, आणि माझ्या टिपणवहींत त्याच्या नांवापुढें 'मंद' असा शब्द लिहिला. एप्रिलांत त्याचा बाप भेटला तेव्हां मीं त्याला तोंडावर सांगितलें कीं, याचें डोकें चालत नाहीं, याला शेताला लावा. बाप बिचारा 'बरं गुरुजी' म्हणून गेला. जूनमध्यें मुलगा शाळेंत आला नाहीं.

दिवाळीच्या सुमारास आठवड्याच्या बाजारांत तो मला मेथी विकतांना दिसला. रुपयाला तीन जुड्या असा भाव होता. एका बाईंनीं सात जुड्या घेतल्या आणि पांचाची नोट पुढें केली. मुलगा म्हणाला, "सहाचे दोन रुपये, वरच्या एकीचे पस्तीस पैसे." मग तो बाईंच्या हातावर नाणीं ठेवूं लागला. पांच पैसे ठेवले नि म्हणाला, "दोन चाळीस." दहा पैसे ठेवले, "अडीच." आठ आणे ठेवले, "तीन." मग दोन रुपयांची नोट ठेवली, "हे पांच." हिशेब चोख! पांचांतून दोन रुपये पस्तीस पैसे वजा करून त्यानें दोन रुपये पासष्ट पैसे परत दिले होते, आणि तेंही बोलतां बोलतां.

मी तेथें उभाच राहिलों. ज्याला मीं मंद ठरवलें त्याला वजाबाकी येत होती. फक्त ती माझ्या रीतीची नव्हती. तो खालच्या आंकड्यापासून वर चढत जाई. वर्गांत मीं त्याला एकदां जरी विचारलें असतें कीं, "बाळ, हें तूं कसें केलेंस?" तर मला समजलें असतें, आणि मग मीं म्हटलें असतें, "सत्तावीसला तीन घाल, झाले तीस, वीस घाल, झाले पन्नास, आणखी दोन, झाले बावन्न. मिळून किती घातले? पंचवीस! हीच तुझी बाजारांतली मोड." येवढ्या एका प्रश्नासाठीं एका मुलाची शाळा सुटली. तो प्रश्न मला कोणीं शिकवला नव्हता हें खरें. पण किंमत त्यानें मोजली, मीं नव्हे.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाहीं. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अर्थशास्त्रज्ञांनीं तपासणी केली, व ती २०२५ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना भाजीचा अवघड हिशेब तोंडीं येत होता त्यांपैकीं पुष्कळांना पुस्तकी रीतीनें मांडलेलीं साधीं गणितें येईनात. आणि जीं मुलें फक्त शाळेंत जात होतीं त्यांना पुस्तकांतलें येई, पण बाजारांतला हिशेब जमेना. म्हणजे दोन्हीकडे ज्ञान आहे, पण मध्यें पूल नाहीं. तो पूल बांधणें हें शिक्षकाचें काम. आणि मुलगा कोणत्या तीरावर उभा आहे हें ज्याला दिसत नाहीं, तो पूल बांधणार कोठून?

आतां छात्रशिक्षकहो, तुम्हीं लक्ष द्या. तेंच गणित घेऊं : बावन्न वजा सत्तावीस. चार मुलांनीं पाट्या दाखवल्या. एकाचें उत्तर ७९, दुसऱ्याचें २६, तिसऱ्याचें ३५, आणि चौथ्याचेंही ३५. चौघांनाही शून्य! मार्क सारखे, पण दुखणें सारखें आहे काय? पहिल्यानें वजाबाकीचें चिन्ह न पाहतां बेरीज केली. दुसऱ्यानें हातचा बरोबर घेतला. पण बारांतून सात मागें मोजतांना त्यानें बारापासूनच पहिलें बोट धरलें, म्हणून एक चुकला. तिसऱ्यानें दोनांतून सात जात नाहींत असें पाहून उलट सातांतून दोन काढले. चौथ्यानें हातचा घेऊन बारांतून सात नीट काढले, पण दशकांतला एक कमी करायला विसरला. तिसरा व चौथा यांचें उत्तर एकच, पण चुकीचीं कारणें दोन! पाटीकडे नुसतें पाहून तीं कळणार नाहींत. तेथें मुलाला जवळ बसवून "कसें केलेंस तें सांग" असें विचारावें लागेल. आणि इलाजही चार. एकाला चिन्ह दाखवा, एकाला चिंचोके मोजायला द्या, एकाला काड्यांचा दहाचा जुडगा सोडून दाखवा, आणि एकाला सोडलेला जुडगा बाजूला काढायची आठवण द्या. चौघांनाही "हेंच गणित दहा वेळां लिहून आणा" म्हणणें म्हणजे ताप, खरूज, मोडलेला पाय आणि दातदुखी या चारही दुखण्यांना एकच काढा पाजणें होय.

चुकीचें उत्तर म्हणजे गुन्हा नव्हे; तें मुलाच्या मनाचें पत्र आहे. शिक्षकाला तें वाचतां आलें पाहिजे. मूल्यमापन या जड शब्दाचा सारा अर्थ एवढाच आहे.

सरकारी कागदांत मूल्यमापनाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक आकारिक व दुसरें संकलित. हे शब्द ऐकून घाबरूं नका. आमच्या कुंभारदादांना ते चटकन् समजतील. चाकावर माती ओली आहे तोंवर मडक्याचा कांठ वांकडा झाला तर हातानें सरळ करतां येतो. तें आकारिक. आव्यांतून भाजून निघाल्यावर टिचकी मारून पाहिली तर मडकें पक्कें कीं फुटकें एवढें कळतें, दुरुस्ती करतां येत नाहीं. तें संकलित. दोन्ही पाहिजेत, पण ओल्या मातीकडे न पाहतां फक्त टिचकीच मारणारा कुंभार आठवड्याभरांत उपाशी मरेल. पॉल ब्लॅक व डिलन विल्यम या लंडनच्या दोन अध्यापकांनीं १९९८ सालीं सुमारें अडीचशें अभ्यासांचा धांडोळा घेऊन हेंच दाखवलें कीं, रोजच्या रोज मुलांचें शिकणें तपासून त्याप्रमाणें आपलें शिकवणें जो शिक्षक बदलतो, त्याचीं मुलें पुढें जातात. आणि अशा शिकवण्याचा विशेष लाभ मागें पडलेल्या मुलांना होतो. मागें पडलेलीं मुलें म्हणजे कोणाचीं, हें या मांडवांत मीं सांगायला पाहिजे काय?

आमच्याकडे ही गोष्ट कायद्यांतही आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलांचें सर्वंकष व सातत्यानें मूल्यमापन करावें असें ठरवलें, आणि महाराष्ट्रांत २०१० पासून तशी पद्धत आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी अशीं चांगलीं साधनें त्यांत सांगितलीं. पण झालें काय? पुष्कळ ठिकाणीं निरीक्षण राहिलें बाजूला आणि नोंदवही तेवढी उरली. बाजारांत तयार 'वर्णनात्मक नोंदी' मिळूं लागल्या. पुढें त्या मोबाईलवरून फिरूं लागल्या. 'वर्गकार्यांत सहभाग घेतो', 'सुंदर हस्ताक्षर काढतो'. मुलगा बदलतो, नोंद तीच! मी शिक्षकांनाच सारा दोष देणार नाहीं. एकेका गुरुजीकडे दोन दोन वर्ग, त्यांत निवडणुका, गणना आणि रोज मागवली जाणारी माहिती. पण कामाचा बोजा कमी करा अशी मागणी करणें वेगळें, आणि न पाहिलेल्या मुलाबद्दल पाहिलें असें लिहिणें वेगळें. पहिली गोष्ट हक्काची आहे, दुसरी अप्रामाणिकपणाची.

या दुर्लक्षाचा परिणाम डोळ्यांपुढें आहे. ग्रामीण भारतांतील मुलांची 'असर' या नांवानें जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालांत इयत्ता पांचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचतां आला नाहीं. हीं मुलें पांचवीच्या वर्गांत एकाएकीं अडलीं काय? तीं दुसरींत अडलीं, तिसरींत अडलीं, आणि दर वर्षीं "होऽऽ" म्हणत पुढें सरकलीं. आतां २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीला परीक्षा ठेवली आहे व नापास मुलाला मागें ठेवण्याची मोकळीक राज्यांना दिली आहे, आणि महाराष्ट्रानेंही २०२३ सालीं तशी परीक्षा घेण्याचें ठरवलें. नापास मुलाची दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा होते. त्यांतही नापास झाला तर त्याला त्याच वर्गांत ठेवतां येतें. म्हणजे शिक्षकानें जूनमध्यें जें पाहिलें नाहीं त्याची शिक्षा एप्रिलांत मुलानें भोगायची!

वर्षांतून एकदां पाहण्यानें भागत नाहीं, हें आमच्याकडे फार जुन्या काळीं सांगून ठेवलें आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें त्यांत प्राथमिक शाळांच्या तपासणीचा प्रश्न काढला होता. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन जातो त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. शाळा निदान तीन महिन्यांनीं तरी तपासाव्या, आणि आगाऊ वर्दी न देतांही पाहाव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. शिक्षक शिकून तयार झालेले असावेत, ते होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावेत, म्हणजे त्यांना त्या लोकांच्या गरजा कळतील, असेंही त्यांनीं मागितलें होतें.

आज शेतकऱ्या-कारागिरांचीं मुलें-मुली शिक्षक होत आहेत. म्हणजे प्रश्न सुटला काय? येथें एक कडू गोष्ट सांगतों, ती ऐकून घ्या. रेमा हॅना व ली लिंडेन या दोन संशोधकांनीं आपल्याच देशांत एक प्रयोग केला. तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांनीं सोडवलेले पेपर शिक्षकांना तपासायला दिले. पण वरच्या कागदावर मुलाची जात, वय, मुलगा कीं मुलगी हें वाटेल तसें, चिठ्ठ्या टाकल्यासारखें लिहिलें. तोच पेपर खालच्या मानलेल्या जातीच्या नांवावर गेला कीं त्याला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि पुढें ऐका : हे गुण कापण्याकडे कल दिसला तो खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांचाच! आपल्याच मुलाकडून आपण कमी अपेक्षा धरतों. जग शंभर वर्षें ज्याला 'मंद' म्हणत आलें, त्याला आपणही 'मंद' म्हणूं लागतों. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. माझ्या वहींत तो शब्द कोणीं लिहिला? मींच लिहिला. म्हणून आपल्यांतला शिक्षक झाला एवढ्यानें पुरत नाहीं. त्याची नजरही तपासून घेतली पाहिजे.

तर मग छात्रशिक्षकांना काय शिकवावें? माझ्या अल्पबुद्धीला सुचतात त्या पांच गोष्टी सांगतों.

पहिली : पाठटाचणांत "मी काय शिकवणार" याच्या आधीं "पाठ संपल्यावर मुलाला काय करतां आलें पाहिजे" हें एका ओळींत लिहावें. 'अपूर्णांक समजेल' असें नव्हे. 'एका भाकरीचे चार सारखे वांटे करून त्यांतले तीन दाखवील' असें. जें डोळ्यांनीं दिसेल तेंच तपासतां येतें.

दुसरी : "समजलें का?" हा प्रश्न वर्गांतून हद्दपार करावा. त्याऐवजीं असा प्रश्न विचारावा कीं ज्याचें उत्तर सर्वांना पाटीवर लिहून एकदम वर धरतां येईल. आणि तोंडीं प्रश्न विचारल्यावर थांबावें. मेरी बड रो या अमेरिकन बाईंना वर्गांत बसून असें आढळलें कीं शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांचीं उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात, गप्प बसणारीं मुलेंही बोलतात. तीन सेकंद! यासाठीं ना इमारत लागते, ना अनुदान.

तिसरी : वह्यांचे गठ्ठे मार्कांप्रमाणें न करतां चुकींप्रमाणें करावे. एका जातीची चूक करणाऱ्या वह्या एकीकडे. मग दुसऱ्या दिवशीं कोणाला काय शिकवायचें हें त्या गठ्ठ्यांतूनच निघतें. छात्रशिक्षकाची परीक्षा घेतांना त्याचा पाठ जसा पाहतां, तसे हे गठ्ठेही मागा, आणि दुसऱ्या दिवसाचा पाठ त्यानें त्याप्रमाणें बदलला कीं नाहीं तें पाहा.

चौथी : वहीवर नुसता आंकडा टाकूं नये. रूथ बटलर या बाईंनीं १९८८ सालीं इस्राएलमधल्या मुलांवरील प्रयोगांत पाहिलें कीं, ज्यांना कामाबद्दल फक्त शेरा लिहून दिला तीं सुधारलीं. ज्यांना फक्त मार्क दिले तीं सुधारलीं नाहींत. आणि ज्यांना दोन्ही दिलें तींही सुधारलीं नाहींत, कारण मार्क दिसले कीं मुलांचें लक्ष मार्कांकडेच जातें. म्हणून लिहावें : "हातचा बरोबर घेतलास, आतां दशकांतला एक कमी करायला विसरूं नकोस. खालचीं दोन पुन्हा कर."

पांचवी : त्याच दहा वह्या, नांवें झांकून, वर्गांतल्या सर्व छात्रशिक्षकांना वेगवेगळ्या तपासायला द्याव्या, आणि मग सर्वांचे मार्क फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडावे. एकाच वहीला एकाचे चार नि दुसऱ्याचे आठ पडलेले दिसले म्हणजे आपला तराजू किती हलका आहे हें प्रत्येकाला कळेल. मग बसून ठरवावें कीं कशाला किती गुण, आणि कां. वाण्याचा कांटा तपासायला सरकारी माणूस येतो. मास्तराचा कांटा त्यानें स्वतः तपासायचा असतो.

आतां आईबापांसाठीं. तुम्हांला लिहितां-वाचतां येत नसेल तरी चालेल. बांधावरून फिरतांना पिवळें पान दिसलें तर तुम्ही पिकाला नापास करीत नाहीं. पाणी जास्त झालें कीं कमी, कीड पडली कीं खत कमी पडलें, हें पाहतां. हीच अक्कल शाळेंत घेऊन जा. पालकसभेला मजुरी बुडते हें मला ठाऊक आहे, तरी वर्षांतून तीन वेळां एकानें तरी जावें, आणि "किती मार्क पडले?" हें विचारूं नये. तीन प्रश्न विचारावे : "माझ्या मुलाला काय येतें? त्याचें कोठें अडतें? आणि त्यासाठीं तुम्ही पुढच्या महिन्यांत काय करणार?" ज्या शिक्षकानें मुलाला पाहिलें आहे तो सांगेल. ज्यानें पाहिलें नाहीं तो पुढच्या खेपेपर्यंत पाहून ठेवील. आणि कोणी "याचें डोकें चालत नाहीं" म्हणालाच, तर नम्रपणें विचारा, "गुरुजी, कोणत्या गणितांत, आणि कसें चुकतें, तें दाखवा." माझ्यापुढें त्या माळ्यानें हा प्रश्न टाकला असता, तर मला मान खालीं घालावी लागली असती, आणि त्याचा मुलगा शाळेंत राहिला असता.

मुलामुलींनो, तुम्ही उद्यां पहिल्यांदा वर्गांत जाल. पहिली चूक दिसेल तेव्हां तांबडी पेन्सिल खालीं ठेवा, आणि मुलाला जवळ घेऊन विचारा, "हें कसें केलेंस, सांग बरें?" त्या उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा ऐका. मीं जें केलें नाहीं तें तुम्हीं करावें, एवढ्यासाठींच मी आज येथें उभा राहिलों.